मोफत सॉफ्टवेअर आणि वॉटरमार्क : एक खुलासा

मोफत सॉफ्टवेअरवर संपादित केलेल्या गाण्याच्या व्हिडिओवर वॉटरमार्क (चित्रावर उमटणारी सॉफ्टवेअरची खूण) येतोच, असा समज पुण्यातील ढोल-ताशा पथकांत आणि हौशी गायकांत बराच काळ टिकून आहे. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरपुरता तरी तो चुकीचा आहे. त्याच्या मोफत आवृत्तीतून ३८४०×२१६० रिझोल्यूशनचा, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतचा व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय मिळतो. वॉटरमार्क उमटतो तो केवळ सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतील इफेक्ट वापरल्यास, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असावे. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर केलेल्या चित्रीकरणातील दाणेदारपणा घालवणारे नॉइज रिडक्शन नेमके त्यांपैकीच आहे. असे चित्रीकरण पुष्कळ असेल, तर पैसे मोजणे रास्त ठरते. निव्वळ ठेक्यावर दृश्ये कापून जोडण्यासाठी मात्र तो खर्च अनाठायी (आणि पथकाच्या वर्गणीतून असेल, तर अधिकच) वाटतो.