ब्लूबर्डच्या पेट्या आणि दर आठवड्याची फेरी

मार्च उजाडला की अमेरिकेत कुरणांच्या कडेला, दफनभूमीत, गोल्फच्या मैदानावर खांबांवरच्या लाकडी पेट्या उघडून आत डोकावणारी माणसं दिसू लागतात. आधी पेटीवर दोन टिचक्या मारायच्या. मादी आत असली तर तिला उडू द्यायचं, मग फळी सरकवायची. वाळक्या गवताची नीटस वाटी आणि तळाशी चार-पाच फिकट निळी अंडी असली तर ब्लूबर्ड, म्हणजे ज्याच्यासाठी ही पेटी लावली तो तिथला छोटा निळा पक्षी. वाटीत पांढरी पिसं अंथरलेली आणि अंडीही पांढरीशुभ्र असली तर ट्री स्वॅलो, म्हणजे आपल्या भिंगरीच्या कुळातला. आणि गवत, चिंध्या, कागद असा उकिरडा छतापर्यंत कोंबलेला असला तर चिमणी. तो उकिरडा तिथल्या तिथे उपसून टाकायचा.

हो, चिमणीच. मेणाच्या घरातली आपली चिऊताई तिकडे घुसखोर ठरते, आणि तेही उगाच नाही. ब्लूबर्डची चोच मऊ किडे टिपायची, लाकूड पोखरायची नव्हे. सुतारपक्ष्याने सोडून दिलेली ढोली किंवा सफरचंदाच्या जुन्या झाडातलं भोक, एवढाच तिचा आसरा. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला झाडांवरच्या अळ्या खातील या आशेने ब्रुकलिनमध्ये युरोपातल्या चिमण्या सोडल्या गेल्या. 1890 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठेक स्टारलिंग सोडले, ते साळुंकीचे भाऊबंद. दोघांनाही ढोल्याच हव्या होत्या आणि दोघेही दांडगे. चिमणा तर बसल्या मादीचं डोकं चोचीने फोडतो आणि कधी कधी तिच्या कलेवरावरच आपलं घरटं रचतो. त्यात माणसाने बागांतल्या वाळक्या फांद्या छाटल्या आणि कुंपणाचे लाकडी खांब काढून लोखंडी रोवले. ढोल्या कमी झाल्या, गिऱ्हाइकं वाढली.

पक्ष्याला घर द्यायची कल्पना मात्र गोऱ्यांच्या आधीची. चोक्टॉ आणि चिकसॉ हे तिथले मूळ रहिवासी पोकळ भोपळे टांगून पर्पल मार्टिनला, म्हणजे मोठ्या जांभळ्या भिंगरीला, वस्तीला बोलवत. पूर्व अमेरिकेतला हा पक्षी आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांतच राहतो.

ब्लूबर्डसाठी रस्त्याच्या कडेने पेट्यांची रांग लावायची आणि तिची फेरी मारायची, ही पद्धत रुळवली इलिनॉयमधल्या क्विन्सीच्या टी. ई. मसलमन यांनी, 1934च्या सुमारास. तिला ‘ब्लूबर्ड ट्रेल’ हे नावही त्यांचंच. पेटीचं दार ठरलं दीड इंचाचं, साधारण 38 मिलिमीटर. एवढ्या भोकातून स्टारलिंग शिरत नाही, पण चिमणी आरामात शिरते. खरी गोम इथे आहे. म्हणून पेटी टांगून मोकळं होता येत नाही. लक्ष न दिलेली पेटी म्हणजे चिमण्यांचा पाळणा. अमेरिकेतल्या 1918च्या पक्षी-संरक्षण कायद्याने देशी पक्ष्यांची वापरातली घरटी हलवायला मनाई आहे. चिमणी आणि स्टारलिंग हे परदेशी, म्हणून त्या संरक्षणाबाहेर. त्यामुळे फेरीवर निघणाऱ्याला आधी घरटं ओळखता आलं पाहिजे.

चळवळ फोफावली ती लॉरेन्स झेलेनींमुळे. हे गृहस्थ कृषी खात्यातले निवृत्त जीवरसायनशास्त्रज्ञ. मेरीलँडच्या बेल्ट्सव्हिलमधल्या सरकारी संशोधन केंद्राच्या आवारात त्यांच्या पेट्या होत्या. 1976 मध्ये त्यांचं ब्लूबर्डवरचं पुस्तक आलं, पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकमध्ये लेख, आणि 1978 मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी उभी राहिली.

स्वॅलोचं भांडण वेगळं. तोही देशी, त्याला हाकलता येत नाही, आणि पेट्या मात्र पटापट बळकावतो. यावरचा तोडगा मला सगळ्यात आवडतो. पाच-सहा मीटरवर दोन पेट्या जोडीने लावायच्या. स्वॅलो दुसऱ्या स्वॅलोला शेजारी फिरकू देत नाही, ब्लूबर्डला मात्र देतो. एका पेटीत तो, दुसरीत ब्लूबर्ड. हद्दीवरून भांडणाऱ्या भावकीला चांगलं ओळखणाऱ्या माणसालाच हे सुचलं असावं.

पेट्यांत डोकावणारे जे दिसेल ते वहीत टिपून ठेवत. त्या वह्यांचं मोल नंतर कळलं. कॉर्नेल विद्यापीठाने 1965 मध्ये घरट्यांच्या नोंदींची कार्डं गोळा करायला घेतली. आज तेच काम ‘नेस्टवॉच’ या नावाने ऑनलाइन चालतं. डन आणि विंकलर या पक्षी-अभ्यासकांनी ट्री स्वॅलोच्या 1959 ते 1991 मधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा अंडी घालण्याचा काळ सुमारे 9 दिवस अलीकडे सरकल्याचं दिसलं. वसंतातलं हवामान उबदार होत गेल्याचा हा परिणाम, असं त्यांनी 1999 मध्ये मांडलं.

आणि इकडे 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिन साजरा होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने तो सुरू केला. आपण गॅलरीत चिमणीसाठी लाकडी घरटं टांगतो, त्याच आठवड्यात तिकडे कुणीतरी पेटीतून तिचं गवत उपसत असतं.

फेरीचा एक नियम मात्र नवशिके हमखास विसरतात. पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की पेटी उघडायची नाही. पंख पुरते वाढलेले नसतानाही ती घाबरून बाहेर उडी मारतात. तेव्हापासून ती उडून जाईपर्यंत दुरूनच बघायचं, दुर्बिणीतून.