आधी वाचा, मग वाजवा: हार्ड डिस्कवरचं संगीत

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यातल्या कित्येक घरांत शास्त्रीय संगीताच्या सीडींनी भरलेलं एखादं कपाट अजून असतं. प्लेयर मात्र कुरकुरू लागलेला असतो. मग कुणीतरी सुचवतं की सगळं हार्ड डिस्कवर घ्या आणि म्युझिक सर्व्हर, म्हणजे डिस्कवरचं संगीत वाजवणारं यंत्र, लावा. जागा वाचते, रिमोटवर राग शोधता येतो, हे खरंच. पण या यंत्राचा मोठा गुण वेगळा आहे. ते संगीत वाचण्याचं काम आणि वाजवण्याचं काम एकमेकांपासून सोडवतं.

साधा सीडी प्लेयर वाचता वाचताच वाजवतो. तबकडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते, बाहेर जाताना 200पर्यंत मंदावते. लेझर 1.6 मायक्रोमीटर अंतरावरच्या वळणांमधले खळगे टिपत जातो आणि डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी आवाजाच्या मोजमापाचे सेकंदाला 44,100 आकडे पुरवतो. ओरखडा आला तर मागे जाऊन पुन्हा बघायला त्याला सवड नसते. सीडीवर चुका दुरुस्त करणारी रीड-सोलोमन पद्धतीची गणिती तटबंदी असते. तिच्या जोरावर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग बिघाड तंतोतंत भरून निघतो. त्यापलीकडे प्लेयर शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने बसवतो. तेही जमलं नाही, तर आवाज क्षणभर गप्प होतो.

संगणकावर सीडी उतरवून घेताना हीच घाई नसते. खराब जागा आली की ड्राइव्हचा घूं-घूं आवाज एकदम खाली येतो, लेझर मागे सरकतो, पुन्हा वाचतो, पुन्हा. पडद्यावरचा आकडा एकाच टक्क्यावर अडकून बसतो आणि मग हळूच पुढे जातो. शेवटी आलेल्या आकड्यांची एक गणिती खूण काढून ती इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या खुणेशी ताडता येते. जुळली, तर आपली प्रत बिनचूक आहे असं खुशाल समजावं. ती फ्लॅक स्वरूपात ठेवावी: जागा साधारण निम्मी लागते आणि एकही आकडा हरवत नाही. एमपी3मध्ये हरवतात. 1 टेराबाइट डिस्कवर तासाभराच्या सुमारे 3000 सीडी मावतात.

आता वाजवणं. तासाभराचं सीडी-दर्जाचं संगीत म्हणजे सुमारे 635 मेगाबाइट, आणि आजची डिस्क सेकंदाला 100 मेगाबाइट सहज देते. म्हणजे अख्खी मैफल सहा-सात सेकंदांत वाचून होते. इमारतीत पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, पण गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळाची धार सारखीच राहते. तसं डिस्कवरून आलेले आकडे आधी मेमरीत साठतात. तिथून ते स्फटिकाच्या घड्याळाच्या ठेक्यावर एकेक बाहेर पडतात आणि डीएसी नावाचा भाग त्यांचा विद्युत-तरंग करतो. हा ठेका डगमगला तर आवाज बिघडतो. डिस्क कशी वाचली गेली याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. असिंक्रोनस यूएसबी या प्रकारच्या जोडणीत तर डीएसी स्वतःच्या घड्याळाप्रमाणे आकडे मागून घेतो. म्हणून ‘ऑडिओसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डिस्कवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे स्पीकरला द्यावेत.

डिस्कचा एक दोष मात्र कानाला खरोखर जाणवतो: तिची स्वतःची गुणगुण. मिनिटाला 5400 फेरे म्हणजे सेकंदाला 90, आणि 7200 म्हणजे 120. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. डिस्कची गुणगुण नेमकी या दोहोंच्या मध्ये येऊन बसते. रात्री लोकलची वर्दळ ओसरल्यावर विलंबित ऐकायला बसलात, तर ती टोचणारच. उपाय सोपा आहे. फिरणारी डिस्क आतल्या खोलीत ठेवून तारेने जोडावी, नाहीतर म्युझिक सर्व्हरमध्ये चिपवर साठवण करणारी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

म्युझिक सर्व्हर घेताना दुकानात एक चाचणी जरूर करावी. ज्या मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे सलग दोन ट्रॅक आहेत, तिची उतरवलेली प्रत लावून मधला सांधा ऐकावा. काही यंत्रं एक फाइल बंद करून दुसरी उघडतात आणि तानपुरा तिथेच तुटतो. असं यंत्र कितीही देखणं असलं तरी नको.

दुसरी प्रत हवीच. डिस्क हे यांत्रिक यंत्र आहे, ती कधीतरी बंद पडते. एकाच डब्यातल्या दोन डिस्क हा पुरेसा बंदोबस्त नव्हे, कारण विजेचा झटका दोघींना एकदमच लागू शकतो. एक प्रत ऐरोलीच्या बहिणीकडे असू द्यावी.

आणि नावं घालताना कंटाळा करू नये. या यंत्रांचे तयार रकाने कलाकार, अल्बम, संगीतकार असे असतात; ख्यालाला ते पुरत नाहीत. फ्लॅकमध्ये राग, ताल, तबला-साथ, हार्मोनियम-साथ असे आपले रकाने वाढवता येतात आणि मजकूर देवनागरीत लिहिता येतो. सगळे प्लेयर ते दाखवत नाहीत, हेही दुकानातच विचारून घ्यावं.