चित्रण क्योतोत, धुलाई फ्रान्समध्ये : ‘आय नो कोरिदा’ची पार्श्वभूमी

१८ मे १९३६. टोकियोतल्या एका लॉजवर सादा आबे या बाईने प्रियकर किचिझो इशिदाचा किमोनोच्या कमरबंदाने गळा आवळला, त्याचं लिंग कापून घेतलं आणि ते जवळ बाळगत ती शहरात हिंडत राहिली. २० तारखेला पकडली गेली. शिक्षा सहा वर्षांची झाली, पण १९४१ मध्येच ती सुटली. किचिझो हा हॉटेलमालक, ती त्याच्याकडे कामाला होती. लोकांना या बाईची भीती कमी आणि कुतूहलच जास्त वाटलं.

जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमाला यावर ‘आय नो कोरिदा’ हा सिनेमा करायचा होता, आणि त्यातली शय्यादृश्यं खरीखुरी हवी होती. आडवं आलं ते जपानी दंडसंहितेचं १७५वं कलम. १९०७ सालचं हे कलम अश्लील मजकूर-चित्रांचं वितरण गुन्हा ठरवतं. फ्रेंच निर्माता आनातोल दोमां १९७२ पासून त्याच्या मागे होता. १९७५ मध्ये फ्रान्सने सेन्सॉरशिप सैल केली, तेव्हा वाट सापडली.

कच्ची फिल्म फ्रान्सहून आली. क्योतोतल्या स्टुडिओत बंद दाराआड चित्रण झालं आणि रिळं न धुताच, म्हणजे रसायनांत डेव्हलप न करताच, परत फ्रान्सला गेली. न धुतलेल्या निगेटिव्हवर काहीच दिसत नाही. उघडून बघावी तर प्रकाश लागून खराब होते. जपानमधल्या लॅबमध्ये धुतली असती तर प्रकरण तिथेच पोलिसांत गेलं असतं. धुलाई आणि संकलन फ्रान्समध्ये झालं, त्यामुळे कागदोपत्री सिनेमा फ्रेंच ठरला. या पद्धतीत एक मोठी गैरसोय आहे : आज घेतलेला शॉट उद्या पडद्यावर पाहून चूक सुधारता येत नाही. सादा आणि किचिझो साकारणाऱ्या एको मात्सुदा आणि तात्सुया फुजी या दोघांनी हे कसं पेललं, त्याचं नवल वाटतं.

जपानमध्ये सिनेमा ‘आयात’ होऊन आला, काटछाट झालेला आणि गुप्तांगांवर धूसर डाग घेऊन. न्यूयॉर्कच्या महोत्सवाआधी अमेरिकी कस्टम्सनेही तो अडवला.

खटला मात्र सिनेमावर झालाच नाही. पटकथा आणि छायाचित्रांचं पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं होतं; फिल्मसाठी केलेला वळसा छापखान्याला कुठून लागू पडणार? ओशिमावर आरोप ठेवले गेले. १९७९ मध्ये तो निर्दोष सुटला, १९८२ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. कलम आजही आहे.

चर्चा कायम शय्येचीच होते. पण एका दृश्यात किचिझो भिंतीला लागून, मान खाली घालून चालतोय. समोरून सैनिकांची तुकडी येते, कडेला पोरं झेंडे हलवतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत टोकियोत लष्करी बंड झालं होतं. सगळा देश एका दिशेने निघालेला, आणि हा गडी उलट दिशेने तिच्या खोलीकडे.