परदेशात शूटिंग करायचंय? सोलापूरच्या निर्मात्यांसाठी परवानगी, व्हिसा आणि कागदपत्रांची माहिती

परदेशात दोन गाणी किंवा चार प्रसंग शूट करायचं ठरलं की पहिली चर्चा लोकेशनची होते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात युनिटच्या यादीपासून करा. लोकेशन ऐनवेळी बदलता येतं, पण लाईटमनचा किंवा मेकअपदादाचा अपुरा कागद आठवड्याभरात पुरा होत नाही. मग वर्षानुवर्षं आपल्यासोबत राबणारा तोच माणूस मागे राहतो.

युनिटची कागदपत्रं

सोलापुरात पासपोर्ट सेवेचं केंद्र आहे आणि ते पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २,०००. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा सगळ्या घरांतली माणसं युनिटमध्ये असतात. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँक पासबुकावर तिसरं, हे नेहमीचंच. अर्जाआधी ते सगळीकडे एकसारखं करून घ्या.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी हवी) असा शेरा असतो. असा पासपोर्टधारक नोकरी-कामासाठी ठराविक १८ देशांत जाणार असेल, तर त्याला परदेशगमन संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड हे आपल्या निर्मात्यांचे आवडते देश त्या यादीत आहेत. फिरायला जाणाऱ्याला ही अट नाही, म्हणूनच अनेकांना ती ठाऊक नसते. आयकर भरणाऱ्याला किंवा वयाची पन्नाशी ओलांडलेल्याला हा शेरा काढून घेता येतो, त्यासाठी पासपोर्ट पुन्हा काढण्याचा अर्ज करावा लागतो. रोजंदारीवरच्या तंत्रज्ञांना पगाराची पावती नसते. त्यांचं आयकर विवरणपत्र दरवर्षी भरलं जाईल हे निर्मात्यानेच पाहावं, कारण व्हिसा अधिकारी त्यावरूनही उत्पन्न तपासतो.

व्हिसासाठी साधारण इतकं लागतं: सहा महिन्यांचं बँक विवरण, आयकर विवरणपत्रं, निर्मितीसंस्थेचं पत्र (काम काय, किती दिवस, खर्च कोण करणार), संस्थेची नोंदणी, परदेशातल्या लाईन प्रोड्यूसरचं (तिथलं शूटिंग आपल्या वतीने सांभाळणाऱ्याचं) निमंत्रण, राहण्याची सोय आणि परतीचा प्रवास. अल्पवयीन कलाकार असेल तर आईवडील दोघांची लेखी संमती काढून ठेवा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निघायला १५ दिवस उरले की उशीर झालेला असतो. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला जावं लागतं, तेव्हा सगळ्या युनिटची वेळ एकाच दिवशी घेतली तर सोपं पडतं.

कोणत्या देशात कोणाची परवानगी

पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप शूट करण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. कॅमेरे जप्त होतात, माणसं परत पाठवली जातात आणि पुढच्या व्हिसा अर्जांत परत पाठवल्याची नोंद दाखवावी लागते.

थायलंडमध्ये २००८ च्या चित्रपट व व्हिडिओ कायद्यानुसार परदेशी चित्रीकरणाला सरकारी परवानगी बंधनकारक आहे. अर्ज पर्यटन विभागाखालच्या थायलंड फिल्म ऑफिसकडे, तिथल्या नोंदणीकृत समन्वयकामार्फत करावा लागतो. संहिता किंवा सारांश, दिवसवार वेळापत्रक, लोकेशन, युनिटची आणि सामानाची यादी जोडायची. राजघराणं आणि बौद्ध धर्म यांच्याविषयीचे प्रसंग बारकाईने पाहिले जातात. युनिटला नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि कामाचा परवानाही काढावा लागतो.

ब्रिटनचा नियम आपल्याला सोयीचा आहे. निर्मिती आणि पैसा दोन्ही भारतातले असतील, तर ब्रिटनबाहेरच्या कंपनीच्या नोकरीतले कलाकार आणि तंत्रज्ञ स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर लोकेशन शूट करू शकतात. ही गोष्ट पत्रात स्पष्ट लिहा. देशभर चालणारा एकच परवाना तिथे नाही. रस्ता किंवा बाग असेल तर स्थानिक कौन्सिल, खासगी जागा असेल तर मालक.

मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज आहे, भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही आणि पात्र खर्चाचा काही भाग परत देण्याची सरकारी योजना तिथे राबवली गेली आहे. चित्रीकरणाचा परवाना मात्र मॉरिशस फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडून घ्यावाच लागतो. परतावा खर्च झाल्यावर, हिशेब तपासून मिळतो. तो धरून बजेट बांधू नका.

ड्रोनची परवानगी प्रत्येक देशात वेगळी, विमान वाहतूक खात्याकडून.

कॅमेरे आणि सामान

तात्पुरत्या नेलेल्या सामानावर सीमाशुल्क भरावं लागू नये म्हणून एटीए कार्ने हा आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दस्तऐवज काढतात. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. प्रत्येक कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड यांचा अनुक्रमांक, वजन आणि किंमत लिहायची आणि फिक्कीकडे तारण ठेवायचं. थायलंड, ब्रिटन, मॉरिशस आणि युरोपीय संघ हे सगळे तो मानतात. सामान मुंबईहून भाड्याने घेतलेलं असेल तर मालकाचं ना हरकत पत्र आणि कार्ने हाताळणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र सोबत हवं. मेकअप, खाणं, चिकटपट्टी अशा संपणाऱ्या वस्तू त्यात बसत नाहीत. सामान थोडंच असेल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्याने परत येताना इथला प्रश्न सुटतो, तिथला नाही.

सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवर (बॅटरीवर लिहिलेली क्षमता) पर्यंतच्या चालतात, १०० ते १६० मधल्या माणशी दोनच आणि त्याही विमान कंपनीला विचारून, १६० च्या वरच्या प्रवासी सामानात नाहीत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भाड्याने घेतानाच आकडा वाचा.

पैसे

परदेशी लाईन प्रोड्यूसरला पैसे बँकेतूनच पाठवा. करारनामा, बिल, पॅन, ए-२ अर्ज (परदेशी पैसे पाठवण्यासाठी बँकेत भरायचा) आणि आयकराचं सीए प्रमाणपत्र लागतं. परदेशी सेवेवर जीएसटीचा रिव्हर्स चार्ज (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर) बसतो का, हे सीएकडून आधीच लिहून घ्या.

परतताना कार्नेवर परदेशातून निघाल्याचा शिक्का बसला आहे का ते तिथल्या काउंटरवरच पाहा, मुंबईत पुन्हा आयातीचा शिक्का घ्या आणि कार्ने फिक्कीकडे जमा करा. एक शिक्का राहिला तरी तो देश शुल्क मागतो, आणि तारण अडकून पडतं.