मुलाच्या मानेतली पाण्याची गाठ: सुरीकडून सुईकडे

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडे तान्ह्या मुलाच्या मानेला गाठ दिसली की घरात पहिली शंका गंडमाळेची येते, दुसरी कॅन्सरची. लसिका म्हणजे शरीरात फिरणारा पाण्यासारखा द्रव; तो वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांच्या जन्मजात दोषामुळे आलेली गाठ यांपैकी काहीच नसते. गर्भातच या वाहिन्यांची घडण बिघडते आणि लसिका साचून पिशव्या तयार होतात. सुमारे निम्म्या मुलांत गाठ जन्मतःच दिसते, बहुतेकांत दोन वर्षांच्या आत.

एकोणिसाव्या शतकात तिला सिस्टिक हायग्रोमा हे नाव मिळालं. ते आजही फाइलवर लिहिलं जातं. 1982 च्या वर्गीकरणाने रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि रचनेतले दोष वेगळे केले, ही गाठ दोषांत गेली, तरी उपचाराची सवय लगेच बदलली नाही.

ती सवय म्हणजे आधी कापणं. गाठ आहे तर मुळासकट काढा, हा विचार चुकीचा वाटण्यासारखा नव्हता. पण या पिशव्यांना स्पष्ट कड नसते. त्या चेहऱ्याच्या आणि जिभेच्या नसांना, मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसतात. सगळं काढायला गेलं तर नस दुखावते आणि तोंड वाकडं होतं. थोडं ठेवलं तर गाठ परत भरते. 1977 च्या सुमारास जपानमध्ये ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषध गाठीतच टोचून पाहिलं गेलं. 1987 मध्ये तिथूनच ओके-432 हे निष्क्रिय जंतूंपासून बनवलेलं, असंच टोचायचं औषध आलं. सोनोग्राफीखाली पाणी ओढायचं आणि औषध सोडायचं, म्हणजे पिशवीच्या भिंती चिकटतात. मोठ्या पिशव्यांत याचा गुण चांगला येतो.

शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. टोचल्यावर काही दिवस सूज वाढते आणि गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर ते जिवावर बेतू शकतं. श्वास अडत असेल तर वाट पाहता येत नाही. पण श्वास मोकळा असलेल्या, मोठ्या पिशव्यांच्या मुलाला सुईचा पर्याय न सांगताच टेबलावर घेणं आज समर्थनीय नाही. हे पालकांना कन्नड, मराठी, जी भाषा कळते तीत सांगायला हवं.

बारीक पिशव्यांची, विशेषतः जीभ आणि तोंडाच्या तळाची गोष्ट वेगळी. तिथे सुई आणि सुरी दोन्ही कमी पडतात. सर्दी-तापात सूज वाढते, आत रक्तस्राव झाला की गाठ अचानक निळी, टणक होते. 2011 नंतर सिरोलिमस हे पोटातून घ्यायचं औषध पुढे आलं. 2015 मध्ये पीआयके3सीए या जनुकातला बदल अनेक मुलांच्या गाठींत सापडला आणि औषध का लागू पडतं याचा उलगडा होऊ लागला. सिरोलिमसने गाठ आटते आणि त्रास कमी होतो, पण औषध बंद केल्यावर अनेकांत ती पुन्हा वाढते. रक्ततपासण्या चालू ठेवाव्या लागतात, जिवंत लसी टाळाव्या लागतात.

या उपचारांना खेपा लागतात. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं आणि इथल्या लोकांची मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्यांची वाट त्याहून जुनी. 2023 मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना द्यायचं ठरवलं, कर्नाटकाने विरोध केला. कार्ड कुठलंही असो, प्रत्येक खेपेला दिलेल्या ब्लिओमायसिनची मात्रा कागदावर लिहून घ्यावी. फुप्फुसांना असलेला धोका एकूण मात्रेवर मोजतात, आणि दवाखाना बदलला की आधीची बेरीज नव्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळते.