जिताडा

रायगडच्या खारेपाटातला जिताडा, गोव्यातली चोणक, कोलकात्यातली भेटकी आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडी हे सगळे एकच. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. १७९० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख याने या माशाचे पहिले वर्णन केले. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांत आणि नदीमुखांशी तो आढळतो.

पाठ रुपेरी-करडी, डोक्यावर खोलगट उतार, शेपटी गोल. रात्री बॅटरीचा झोत पडला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. सहसा मीटरभराचा मिळतो. मोठ्यात मोठा दीड-दोन मीटर लांब आणि साठ किलोपर्यंतचा.

जन्म खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. वाढ बरेचदा गोड्या पाण्यात. अंडी घालायला परत खाऱ्याकडे. त्याहून नवल म्हणजे बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. साहजिकच बाजारात ज्या थोराड माशाभोवती गर्दी जमते, ती बहुधा मादीच असते. मोठी मासळी सरसकट मारणे म्हणूनच महागात पडते.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात खाडीतून आलेली पिल्ले घराजवळच्या तळ्यात सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. तळ्यात तो वाढतो, पण वीण होत नाही. त्यासाठी खारे पाणीच लागते. शिवाय मोठा भाऊ धाकट्याला गिळतो, त्यामुळे आकार पाहून पिल्ले वेगळी करावी लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये याचे बीज उबवणी केंद्रात तयार केले, तेव्हापासून खाडीतल्या पिल्लांवरच विसंबण्याची गरज उरली नाही.

गरवणाऱ्यांना हा मासा वेड लावतो. भक्ष्य तो चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्याचा 'टप्प' आवाज अंधारातही ओळखू येतो. गळ लागला की पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो. कल्ल्यांच्या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार, त्यामुळे दोरी तुटते. हाताने धरताना बोटेही कापतात.

मांस पांढरे, जाड पाकळ्यांचे, बारीक काटे कमी. रायगडात तुकड्या तळतात आणि डोक्याचे आंबट-तिखट कालवण करतात; बंगालात केळीच्या पानात मोहरी लावून पातुरी होते. मोठा जिताडा भेट म्हणून 'साहेबां'कडे पोचवण्याची पद्धतही रायगडात सर्वांना ठाऊक आहे.