फेवीक्विक जखमेवर लावायचं का?
वर्षानुवर्षं फॉरवर्ड फिरतोय की सुपरग्लू युद्धात जखमा चिकटवायलाच शोधला, म्हणून कापलं की घरातलं फेवीक्विक लावा. यात थोडं खरंय. सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लूचं रसायन, १९४२ ला अमेरिकेत बंदुकीच्या पारदर्शक साइटसाठी (नेम धरायचा भाग) प्लास्टिक शोधताना हाती लागलं, सगळ्यालाच चिकटतंय म्हणून बाजूला टाकलं आणि १९५८ ला ग्लू म्हणून विकायला आलं. जखमेचं नंतरचं, व्हिएतनाम युद्धात रक्त थांबवायला स्प्रे मारायचे. पण डॉक्टर आज टाक्यांऐवजी लावतात तो ब्यूटाइल किंवा ऑक्टाइल प्रकार, निर्जंतुक, आणि जखमेच्या आत नाही हं, कडा जुळवून वरून. दुकानातला बहुतेक इथाइल, त्याने त्वचेची आग होऊ शकते. बघायचंय? ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, त्वचेपासून लांब ठेवा असंच असतं.